विश्लेषण : टर्बो गाडीचे ‘रिमॅपिंग’ – अश्वशक्तीचा आकडा पाहून सॉफ्टवेअर का निवडू नये?

रविवारी पहाटे चांदणी चौकातून निघून पिरंगुट, पौड आणि मुळशी जलाशयाच्या काठाने ताम्हिणीकडे जायचे, हा पुण्यातल्या हौशी वाहनचालकांचा जुना शिरस्ता. आता अनेकांकडे टर्बो इंजिनच्या गाड्या आहेत आणि लॅपटॉप जोडून त्यांची ताकद वाढवून देणारेही सहज सापडतात. कोणते सॉफ्टवेअर चांगले, या प्रश्नाला बहुतेकदा अश्वशक्तीच्या आकड्याने उत्तर दिले जाते. तिथेच फसगत होते.

सॉफ्टवेअर नेमके काय करते?

पेट्रोल किती फवारायचे, ठिणगी केव्हा टाकायची, टर्बोने हवा किती दाबायची, हे इंजिनचा संगणक (ईसीयू) तक्त्यांवरून ठरवतो. वाईट इंधन, उन्हाळा, चुकलेली सर्व्हिसिंग गृहीत धरून कंपनी त्यात राखीव मोकळीक ठेवते. रिमॅप म्हणजे ही मोकळीक खर्चणे.

पर्याय कोणते?

सेन्सरला चकवून दाब वाढवणारी स्वस्त डबी टाळलेलीच बरी. मोटेक, हॅलटेकसारखे स्वतंत्र ईसीयू शर्यतीच्या गाडीला शोभतात. रोजच्या गाडीत मात्र गिअरबॉक्स, एबीएस, डॅशबोर्ड सगळेच मूळ ईसीयूशी बोलत असल्याने ते बदलणे म्हणजे निस्तरण्याचे काम. मूळ ईसीयूमध्येच नवे तक्ते भरणे हाच तिथे शहाणपणाचा मार्ग.

आकड्यापेक्षा महत्त्वाचे काय?

डायनोवरची चाचणी काही सेकंदांत संपते. ताम्हिणीच्या चढात इंजिनवर कितीतरी मिनिटे सतत भार असतो, वेग कमी असल्याने इंटरकूलरला वारा पुरत नाही आणि आत जाणारी हवा तापते. अशा वेळी ठिणगीनंतर ज्वाला पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. त्याने पिस्टन फुटू शकतो. म्हणून नॉकिंग, हवेचे तापमान, टर्बोचा दाब आणि इंधनमिश्रण यांची नोंद ठेवणारे, मर्यादा ओलांडताच ताकद आपोआप घटवणारे सॉफ्टवेअर घ्यावे. मग दहा-वीस अश्वशक्ती कमी मिळाली तरी चालेल.

इंधनाचेही तसेच. युरोपात ९८ ऑक्टेनवर बसवलेला तक्ता इथल्या पंपावरच्या पेट्रोलला जसाच्या तसा लागू पडत नाही. शुद्ध पेट्रोलला वजनाच्या साधारण १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉल असलेल्या ई२०ला सुमारे १३.५ पट, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त. इथेनॉल नॉकिंग रोखते हे खरे, पण तक्ता ते जमेस धरत असेल तरच उपयोग.

गिअरबॉक्सचा विसर तर सर्रास पडतो. चाकणला तयार होणाऱ्या व्हर्टसचे दीड लिटरचे टर्बो इंजिन २५० न्यूटन मीटर टॉर्क देते. त्याच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीची क्षमताही जवळपास तेवढीच. प्रत्येक गिअरला टॉर्कची वेगळी मर्यादा घालता येत नसेल, तर वाढीव ताकदीचे बिल क्लचच्या रूपाने येते.

कायद्याचे काय?

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेतील बदलांवर बंधन घालते. २०१९च्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. वॉरंटी आणि विम्याचा दावाही अडचणीत येतो. हे ‘ट्यूनर’ क्वचितच आधी सांगतात.

पैसे मोजण्याआधी त्यांच्याकडे एकच गोष्ट मागावी : अशाच गाडीची, एप्रिलच्या दुपारी घाट चढतानाची नोंद. डायनोचा कागद नंतर पाहता येईल.