ध्रुवीकरण फक्त मतांचंच का?

परवा शिरूरहून दौंडला चाललो होतो. भीमेच्या पुलापाशी नातवाने हौसेने त्याचा नवा गॉगल माझ्या डोळ्यांवर चढवला आणि पाण्यावरची चकाकी एकदम गायब! मान तिरकी केली की परत हजर. मी म्हटलं, "याला ध्रुवीकरण म्हणतात." तर म्हणतो, "आजोबा, ते निवडणुकीत होतं ना?"

मंडळी, आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाला हे लागलंच. वर्तमानपत्रांनी हा शब्द मतांच्या दावणीला बांधला. आणि आम्ही भाषेचे मास्तर? "विज्ञानाचे शब्द विज्ञानवाले बघतील" म्हणून गप्प.

खिडकीच्या उभ्या गजांतून दोरी ओवा. वरखाली हलवली तर लाट पलीकडे जाते, आडवी हलवली तर गजांना अडते. प्रकाशाचंही तसंच. साध्या उजेडाची लाट सगळ्या बाजूंनी हलते. एकाच दिशेने हलू लागली की झालं ध्रुवीकरण. पाण्यावरून उसळलेला प्रकाश बराचसा आडवा हलतो, गॉगल तेवढा अडवतो.

याच युक्तीने माणूस कुठवर पोचला पाहा. १०५४ साली चिनी ज्योतिषांनी वृषभ राशीच्या भागात भरदिवसा दिसणारा तारा नोंदवला. त्या स्फोटाचे अवशेष म्हणजे क्रॅब तेजोमेघ, सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षं लांब. तिथे होकायंत्र घेऊन कोण जाणार? पण तिथल्या चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन प्रकाश टाकतात, आणि त्या प्रकाशाचं कंपन क्षेत्राच्या रेषेशी काटकोनात असतं. श्क्लोव्स्की या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये हा प्रकाश असा निघत असावा असं मांडलं. पुढच्याच वर्षी त्यात ध्रुवीकरण सापडलं. म्हणजे जागोजागी कंपनाची दिशा पाहायची, ती काटकोनात फिरवायची, की नकाशा तयार. कागदाखाली चुंबक धरून वर लोखंडाचा कीस भुरभुरावा तसा! नासाने २०२१ मध्ये सोडलेल्या आयएक्सपीई दुर्बिणीने क्ष-किरणांत असा नकाशा काढला, तेव्हा मधल्या ताऱ्याभोवती क्षेत्र कड्यासारखं वेढलेलं दिसलं. त्याआधी आपल्या ॲस्ट्रोसॅटने या क्ष-किरणांचं ध्रुवीकरण मोजलं होतं (नकाशा नव्हे, पण मोजमाप पक्कं). ते २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या कामात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था होती, आपल्या पुण्याची आयुका होती.

हे मराठीच्या तासाला का वाचू नये? शब्द जड आहे म्हणणाऱ्यांना विचारतो, निवडणुकीच्या बातमीत तोच शब्द जड कसा होत नाही?

असो. दौंड आलं तरी मी गॉगल परत केला नव्हता. नातवाच्या मोबाईलसमोर मान तिरकी करत बसलो होतो. एका कोनाला पडदा काळाकुट्ट झाला आणि तो ओरडला, "आजोबा, मला बघू!"