अंगणातली ही शेवंती नव्हे



पावसाळा लागला की दारापुढे, उकिरड्याच्या कडेला एक रोप उगवते. पाने जमिनीलगत गोल पसरलेली, गाजरासारखी कातरलेली, वर बारीक लव. शेवंती समजून कुणी त्याला पाणीही घालते. महिना-सव्वा महिन्यात ते सरळ वर चढते, फांद्या फुटतात आणि बारीक पांढऱ्या फुलांनी भरून जाते. हेच गाजरगवत. पांढऱ्या टोपीवरून लोकांनी त्याला काँग्रेस गवत म्हटले. नावे ठेवण्यात आपली माणसे पटाईत!

मूळचे हे अमेरिका खंडातले. पुण्यातली त्याची नोंद 1956 साली प्रसिद्ध झाली. ते परदेशी गव्हाबरोबर आले असे मानतात. गहू शहरांनी खाल्ला, निंदणी आपल्या वाट्याला आली. एकेका झाडाला हजारो बिया. वाऱ्याने, पाण्याने, गाडीच्या चाकाने त्या गावभर होतात.

नुकसान मजुरीपुरते नाही. कपाशीवरचा पिठ्या ढेकूण बांधावरच्या गाजरगवतावर तग धरतो आणि तिथून शेतात उतरतो. माणसाला खाज सुटते, दम्याचा त्रास होतो तो वेगळाच.

म्हणून फुलाआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटा. हातमोजे नसतील तर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा. बिनफुलाचे गवत खड्ड्यात कुजवून खत होते. फुलावर आलेले मात्र उकिरड्यावर टाकू नका, शेणखताबरोबर तेच परत शेतात येईल.

औषधाच्या दुकानात टू-फोर-डी देतील. ज्वारीवाल्याला ते चालते, पण शेजारच्या कपाशीला वाऱ्याने नुसता वास लागला तरी पाने भेंडीसारखी चिरतात. त्याच पंपाने पुढे कपाशी फवारली तर आपलेच पीक आपण मारले. कपाशीच्या आसपास ते नकोच.

एक भुंगाही आहे. 1983 साली मेक्सिकोहून बंगळूरला आणला, पुढे सोडला. पांढरट पाठीवर काळपट रेघा. पावसाळ्यात तो आणि त्याच्या अळ्या गाजरगवताची पाने फस्त करतात. कपाशी-ज्वारीला तोंड लावत नाहीत. दिसला तर मारू नका, त्या तुकड्यावर फवाराही नको. हिवाळ्यात तो जमिनीत दडून बसतो, तेव्हा सगळा भार त्याच्यावर टाकून चालणार नाही.

आपण आपला बांध साफ करायचा आणि सडकेच्या कडेला, सरकारी पडीक जमिनीवर ते माजायचे, हा कुठला न्याय? शहादा, तळोदा, नवापूर, नंदुरबार, कुठलेही गाव असो, सभेला येताना आपल्या शिवारालगतचा असा पट्टा पावलांनी मोजून आणा. ग्रामसभेत ठराव मांडायचा तर आकडा लागतो.