आईच्या मनाचे छत कोण ठोकून पाहणार?

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला हे गाव मँगनीजच्या खाणीसाठी ओळखले जाते. भूमिगत खाणीचा एक साधा नियम आहे. पाळी सुरू होण्यापूर्वी जाणता माणूस कामाच्या जागेचे छत ठोकून पाहतो. आवाज पोकळ आला तर तेथे मजूर पाठवायचा नाही, आधी आधार द्यायचा. छत कोसळेपर्यंत वाट पाहणारी खाण कोणीही शहाणी म्हणणार नाही. परंतु जमिनीवरच्या घराघरांत, नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीच्या बाबतीत आपला समाज नेमके हेच करीत आला आहे.

मध्यरात्री बाळ रडून झोपी जाते आणि आईच्या छातीत एकाएकी धडधड सुरू होते. श्वास कोंडतो, हातपाय गार पडतात, आता आपले प्राण जाणार असे तिला वाटते. दहा-पंधरा मिनिटांत वादळ ओसरते, पण ते पुन्हा येईल या धास्तीने पुढचे दिवस काळवंडतात. दिवसा क्षुल्लक कारणावरून संताप, पाठोपाठ रडू, आणि त्याहूनही जाचक अशी अपराधी भावना: आपण चांगली आई नाही. घरात यावर तीनच निदाने ठरलेली असतात. दृष्ट लागली, बाहेरची बाधा झाली, नाहीतर कामाचा कंटाळा आला. तिच्यासाठी अंगारा येतो किंवा टोमणा येतो. डॉक्टरकडे मात्र कोणी नेत नाही.

वस्तुतः या अवस्थेत गूढ असे काही नाही. गर्भारपणात वाढत गेलेली इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके वार पडल्यानंतर अवघ्या काही दिवसांत झपाट्याने खाली येतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुसंख्य मातांना येणारे रडू हे त्याचेच लक्षण असून ते साधारणतः दोन आठवड्यांत आपोआप निवळते. त्यानंतरही उदासी आणि भीती टिकून राहिली, तर तो आजार समजावा. पंडुरोग आणि थायरॉईडचा बिघाड यांमुळेही अशीच धडधड होऊ शकते. म्हणून प्रथम रक्ताची तपासणी आवश्यक ठरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील ५४.२ टक्के स्त्रिया पंडुरोगी आढळल्या होत्या, हे येथे विसरून चालणार नाही.

तथापि सारा दोष संप्रेरकांच्या माथी मारणे ही सोयीची पळवाट होईल. भारतातील ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे २२ टक्के मातांना प्रसूतीनंतरच्या नैराश्याने ग्रासलेले असते. म्हणजे जवळजवळ पाचांत एक. संप्रेरके तर सर्वच बाळंतिणींची उतरतात. मग हीच एक का खचते? गोव्यात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने याचे उत्तर दिले आहे. दारिद्र्य आणि पतीशी बिघडलेले संबंध ही मुख्य कारणे दिसली, आणि मुलगी जन्मली असता त्यांचा जाच अधिक वाढत होता. शरीर ठिणगी पुरवते. सरपण घर आणि समाज रचून ठेवतात.

‘आमच्या आज्यांनी दहा-दहा बाळंतपणे काढली, त्यांना कोठे असले आजार झाले?’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. झाले नाहीत असे नव्हे. मोजले गेले नाहीत, एवढेच. ‘बाळंतवात’ हा शब्द काही आज घडलेला नाही. शिवाय सव्वा महिन्याचा विसावा, माहेरची माणसे, शेकशेगडी यांत जुन्या व्यवस्थेचे खरे शहाणपण होते. आज रोजावर जाणाऱ्या कुटुंबात तो सव्वा महिना कितीजणींच्या वाट्याला येतो? २०१७ साली प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली, ती संघटित क्षेत्रासाठी. धान रोवणाऱ्या मजूर स्त्रीला रजा देणार कोण? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीप्रमाणे घरकाम करणारी स्त्री त्यात दिवसाची २९९ मिनिटे घालविते, तर असे काम करणारा पुरुष ९७. राष्ट्रीय उत्पन्नात या श्रमाची नोंद नाही. मग त्या श्रमाखाली दबलेल्या मनाची कोठून असणार?

उपायाची वाट मात्र विदर्भातच सापडते. नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत सिद्ध केली आणि २०११ पासून ती देशभर आशा कार्यकर्त्यांमार्फत राबविली गेली. दवाखान्यात प्रसूती झालेल्या मातेच्या घरी आशा बेचाळीस दिवसांत सहा वेळा जाते. बाळाचे वजन होते, ताप पाहिला जातो. आईविषयीही विचारणा असते: रक्तस्राव, ताप, दूध, आणि ती असंबद्ध बोलते काय, तिला झटके येतात काय. हे प्रश्न हवेतच. पण ते छत कोसळल्यानंतरचे आहेत. जी बाई गप्प राहून, सारी कामे उरकून आतल्या आत कोसळत आहे, तिचा पोकळ आवाज त्यांतून ऐकू येत नाही. १९८७ साली एडिंबरो येथे तयार झालेली दहा प्रश्नांची मापनपट्टी विनाकारण वाटणाऱ्या भीतीविषयी आणि जीव नकोसा होण्याविषयी स्पष्ट विचारते. त्यातला आशय सोप्या मराठीत आशाताईंच्या वहीत उतरविण्यास फारसा खर्च नाही. मात्र या वाढीव कामाचा वाढीव मोबदला त्यांना मिळालाच पाहिजे. एका स्त्रीचे ओझे दुसरीच्या डोक्यावर फुकट चढविणे ही सुधारणा नव्हे.

गोव्यात गावातल्याच साध्या स्त्रियांना शिकवून त्यांच्याकरवी खचलेल्या गर्भवती व मातांना धीर देण्याचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले आणि अशी सोबत लाभलेल्या अधिक जणी नैराश्यातून बाहेर आल्याचे दिसले. मानसोपचार मिळणे हा २०१७ च्या कायद्याने प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’चा विनामूल्य सल्ला मिळतो. अंगावर पाजणाऱ्या आईलाही डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेता येतील अशी औषधे आहेत. घरच्यांनी करावयाचे तर याहून सोपे आहे: जीव घाबरा झाला की तिला बसवावे, श्वास सावकाश सोडायला सांगावे, हे ओसरेल असा धीर द्यावा, आणि रात्रीचे एक जागरण नवऱ्याने आपल्याकडे घ्यावे.

खाणीतले छत ठोकून पाहण्याचा नियम उगाच आलेला नाही. ढिगाऱ्याखाली गेलेल्या माणसांनी त्याची किंमत मोजली आहे. आईच्या मनासाठी तसाच नियम करण्यापूर्वी आणखी किती जणींनी ती मोजावी, याचे उत्तर शासनाने आणि प्रत्येक घरानेही द्यावयाचे आहे.