नक्षी नंतर, आधी रबर

दिवाळी उरकली की पुण्या-मुंबईपासून नाशिक-कोल्हापूरपर्यंत आपल्या दुकानांत एक ठरावीक ग्राहक यायला लागतो. गाडी फॉर्च्युनर, गुरखा, थार, क्वचित डिफेंडर. जानेवारीत स्पिती किंवा लेह ठरलेले. मागणी एकच: "बर्फात चालेल असा दणकट टायर द्या." ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा सुरू झाला, रोहतांग न चढता लाहौलमध्ये उतरता येऊ लागले, आणि पूर्वी वर्षाकाठी एखादा येणारा हा ग्राहक आता दर आठवड्याला येतो. आपल्यापैकी बरेच जण त्याला मोठमोठ्या ठोकळ्यांचा मड टायर काढून देतात. तोही खूश होतो, कारण टायर दिसतोच तसा. हे चुकते आहे. आणि ही चूक ग्राहकाची नाही, आपली आहे.

गेल्या हिवाळ्यात मी अशाच एका गाडीत होतो. लाहौलमधल्या सिस्सूहून बोगद्याकडे परत येत होतो, दुपारचे साडेचार वाजले होते. दिवसभराच्या उन्हाने रस्त्याकडेच्या बर्फाचे पाणी डांबरावर आले होते आणि सावली पडताच ते पुन्हा गोठू लागले होते. उतारावर, माणूस चालतो तेवढ्या वेगात, चालकाने ब्रेकवर पाय ठेवला. एबीएस थडथडले, चाके थांबली, गाडी थांबली नाही. आडवी होत होत ती कडेच्या बर्फाच्या ढिगाला टेकली. कोणाला इजा झाली नाही. खाली उतरलो तर मलाच उभे राहता येईना, गाडीला धरून उभा राहिलो. टायरच्या ठोकळ्यात अंगठ्याचे नख दाबून पाहिले. रुतेना. घरी तेच रबर दाबले की वळ उमटतो, इथे मात्र पाटावर दाबल्यासारखे वाटले. तेवढ्यात शेजारून एक जुनी टॅक्सी मागच्या चाकांना साखळ्या बांधून शांतपणे वर चढून गेली. आमचा टायर महिन्यापूर्वीच घेतलेला होता, "स्नो स्पेशल" म्हणून, आपल्याच व्यवसायातल्या एका दुकानातून.

त्या नखाच्या वळात सगळे शास्त्र आहे. साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली नेहमीच्या टायरचे रबर ताठर होऊ लागते. रस्त्याच्या बारीक खडबडीत जागेत ते शिरत नाही, आणि शिरले नाही तर पकड कशाची? हिवाळी टायरच्या मिश्रणात नैसर्गिक रबर आणि सिलिका जास्त असते, म्हणून ते उणे तापमानातही मऊ राहते. नक्षी त्यानंतर येते. हिवाळी टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर नागमोडी बारीक चिरा असतात. प्रत्येक चिरेची कड रस्त्याला ओरखडते, मधल्या खाचांत बर्फ दाबून बसतो आणि बर्फ बर्फाला धरतो. मड टायरची रचना याच्या अगदी उलट. त्याच्या मोठ्या खाचांचे काम चिखल बाहेर फेकणे हे, आणि ठोकळे जाड, कडक, चिरा जवळजवळ नाहीत. ताज्या, खोल बर्फात तो गाडी पुढे ढकलेलही, पण गोठलेल्या रस्त्यावर त्या जाड ठोकळ्यांना धरायला काहीच नसते.

आपल्या भाषेचीही इथे एक अडचण आहे. आपण सगळ्याला "बर्फ" म्हणतो. भुरभुरणारा ताजा बर्फ, गाड्यांनी दाबून पक्का केलेला बर्फ आणि डांबरावरची न दिसणारी काच या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींवर टायर वेगवेगळे वागतात. त्यातही उणे वीस अंशांतली काच बरी. शून्याच्या आसपासची, वर पाण्याचा पातळ थर असलेली काच सर्वात घसरडी. म्हणजे स्पितीत काझ्यातल्या पहाटेपेक्षा सिस्सूची संध्याकाळ जास्त धोक्याची. काउंटरवर पहिला प्रश्न असा हवा: कोणत्या महिन्यात, कोणत्या रस्त्याने, आणि संध्याकाळी गाडी चालवणार का?

आता खुणांबद्दल, कारण ग्राहकाची सर्वात जास्त दिशाभूल इथे होते. टायरच्या बाजूला "एम + एस" असेल तर त्याचा अर्थ चिखल आणि बर्फ, आणि ती खूण कंपनी स्वतःच घालते. तीमागे बर्फावरची चाचणी असेलच असे नाही. बहुतेक मड टायरांवर ती असते. खरी पाहायची खूण म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. ही १९९९ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या रबर उद्योगाने आणली. तिच्यासाठी दाबलेल्या बर्फावर प्रत्यक्ष चाचणी होते आणि ठरावीक संदर्भ टायरपेक्षा किमान दहा टक्के जास्त पकड दाखवावी लागते. जर्मनीने तर १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसत्या "एम + एस" टायरला हिवाळी टायर मानणे बंद केले. मात्र या खुणेलाही मर्यादा आहे. चाचणी दाबलेल्या बर्फावरची असते, काचेवरची नव्हे. खूण आहे म्हणून ग्राहकाला निर्धास्त करून पाठवणे हीसुद्धा फसवणूकच.

जड गाडीच्या मालकाला दोन गोष्टींचा भरवसा असतो, वजनाचा आणि फोर बाय फोरचा. फोर बाय फोर गाडी हलवते, थांबवत नाही. थांबताना सगळ्याच गाड्यांना चार चाकांचा ब्रेक असतो. आणि वजन उतारावर शत्रू होते. सव्वादोन टनांची गाडी, पाच माणसे, छतावरचा कॅरिअर, डिझेलचे दोन कॅन, सामान धरले की आकडा पावणेतीन टनांकडे जातो आणि त्यातला मोठा वाटा मागच्या दोन टायरांवर. म्हणून लोड इंडेक्स कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी कधीही नको. ११० म्हणजे एका टायरवर १,०६० किलो, ११२ म्हणजे १,१२०, ११६ म्हणजे १,२५०. पण ग्राहक मागतो म्हणून दहा प्लायचा एलटी टायर देण्याचीही गरज नाही. त्याची बाजू इतकी ताठ असते की तेवढ्याच वजनाला त्यात हवा जास्त भरावी लागते, आणि थंडीत तो ताठपणा आणखी वाढतो.

रुंदीबद्दलही आपल्या डोक्यात उलटे बसले आहे. २६५च्या जागी २८५ घातला की गाडी भारदस्त दिसते, पण दाबलेल्या बर्फावर अरुंद टायर बरा, कारण तेच वजन कमी जागेवर येते आणि टायर खाली रुततो. याला एक सुंदर अपवाद आइसलँडचा. तिथे हिमनद्यांवर जाणाऱ्या गाड्यांना ३८ ते ४४ इंची टायर लावतात आणि हवा पाच पीएसआयच्याही खाली उतरवतात, म्हणजे गाडी बर्फात न रुतता त्यावर तरंगते. ते दृश्य पाहून आपले तरुण ग्राहक भारावतात. पण तिथे खाली शेकडो मीटर बर्फ आहे, आपल्याकडे खाली डांबर आणि बाजूला दरी.

चाकांचे काम तर आपण फारच घाईत उरकतो. हिवाळ्यासाठी वेगळा संच करायचा असेल तर ब्रेकचा कॅलिपर मोकळा राहील इतकी लहान रिम घ्यावी, म्हणजे बाजू उंच मिळते आणि दगडाच्या कडेने टायर फाटण्याची शक्यता कमी होते. पोलादी डिस्क वाकली तर काझ्यातला मिस्त्रीही हातोड्याने सरळ करून देईल. अलॉय तडकले की प्रवास तिथेच संपतो. पण डिस्क बदलताना नट तपासा. अलॉयचे सपाट वॉशरचे नट पोलादी डिस्कच्या शंकूच्या बैठकीत नीट बसत नाहीत, वरून घट्ट वाटतात आणि पुढे सुटतात. मधले भोक हबवर अचूक बसायला हवे, ऑफसेट मूळचाच हवा, रिमवर कोरलेली भारक्षमता वाचायला हवी, आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने नट पुन्हा बघायला हवेत. स्टेपनीही त्याच मापाची. फोर बाय फोरमध्ये एक चाक लहान-मोठे झाले की ट्रान्सफर केसवर ताण येतो.

एक छोटी गोष्ट, जिने मनालीत मोठा गोंधळ होतो. सकाळी गाडी थरथरते, ग्राहक फोन करून म्हणतो बॅलन्सिंग चुकले. बहुतेक वेळा रिमच्या आतल्या बाजूला चिकटून गोठलेला बर्फ असतो. तो काठीने खरवडायला सांगा. चिकटवायची वजने लावताना मात्र रिम आधी नीट पुसा, नाहीतर चूक खरोखर तुमचीच असेल.

हवेचा हिशेब मी स्वतः कागदावर मांडून पाहिला. पुण्यात ३० अंशांना ३३ पीएसआय भरली. लेहला उणे २० अंशांत, नुसत्या थंडीने, ती २५च्या आसपास यायला हवी. पण लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, बाहेरच्या हवेचा दाब कमी, म्हणून गेज २९-३० दाखवते. म्हणजे थंडी कमी करते आणि उंची थोडे परत देते. खाली उतरताना तीच उंचीची भर पुन्हा जाते. ग्राहकाला एवढेच सांगा: सकाळी गाडी हलवण्याआधी, जिथे असाल तिथे, कंपनीच्या आकड्यापर्यंत भरा. काचेवर चालायला हवा काढू नका. आणि आपल्या कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी रोज सोडा. हवेबरोबर गेलेला ओलावा व्हॉल्व्हमध्ये गोठला की तो नीट बंद होत नाही आणि रात्रभर हवा झिरपते.

मग द्यायचे काय? महाराष्ट्रातून गाडी चालवत जाणाऱ्याला माझ्या मते पूर्ण हिवाळी टायर देऊ नये. जाता-येता चार हजार किलोमीटरच्या आसपास रस्ता, त्यातला मोठा भाग कोरडा, आणि घरी परतल्यावर पुण्याचा उन्हाळा. मऊ रबर तिथे भराभर झिजते आणि ब्रेक मारल्यावर गाडी लांब जाते. त्याला डोंगर-हिमकणाची खूण असलेला ऑल टेरेन, गाडीच्या मूळ मापात, निदान चार मिलिमीटर नक्षी शिल्लक असलेला, आणि सोबत साखळ्या. १.६ मिलिमीटर ही कायद्याची मर्यादा आहे, बर्फाची नव्हे. साखळ्या जमल्यास चारही चाकांच्या. नुसत्या मागे बांधल्या तर उतारावर पुढची चाके सरळ जातात, स्टिअरिंग वळलेले असले तरी. लेह-मनालीत अख्खा हिवाळा गाडी चालवणाऱ्या टॅक्सीवाल्याला मात्र खरा हिवाळी टायर हवा, वेगळ्या पोलादी डिस्कवर चढवलेला. तोच त्याला मिळत नाही. जून २०२० मध्ये नव्या टायरच्या आयातीवर परवान्याचे बंधन आले, आणि इथल्या कंपन्या युरोपसाठी बनवतात ते हिवाळी टायर आपल्या बाजारात क्वचितच उतरतात. सिएट युरोपात हिवाळी टायर विकते, अपोलोने २००९ मध्ये व्रेडेस्टाइन घेतली तेव्हापासून तिच्याकडेही ते आहेत. २५५/६५ आर १८ आणि २६५/६० आर १८ ही दोन मापे जरी मनाली, लेह आणि श्रीनगरला ठेवली तरी किती गाड्या सरळ राहतील. संघटनेच्या बैठकीत हा विषय आपण लावून धरायला हवा.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. बिलावर टायरच्या नावाखाली एक ओळ लिहू: "डोंगर-हिमकण खूण आहे" किंवा "नाही". आणि साखळी खोक्यात बंद देऊ नका. गेल्या महिन्यात एका ग्राहकाला आमच्या शेडमध्येच ती बांधायला लावली, हातात जाड मोजे घालून. पहिल्या चाकाला चाळीस मिनिटे लागली, दोनदा उलटी बसली, बायको मोबाइलचा उजेड धरून उभी होती. चौथ्या चाकाला बारा मिनिटे लागली, आणि पाने आवरण्याआधी बायकोने त्याला बाजूला सरकवून पाचव्यांदा स्वतः बांधून पाहिली.