लाल दिवा कुठे आहे?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सुर्ल्याला मावशीकडे चाललो होतो. गावात शिरताना रस्त्याच्या कडेला एक फलक दिसला. कुणी ज्येष्ठ गृहस्थ निवर्तले होते. हार घातलेला फोटो, खाली जन्म-मृत्यूच्या तारखा आणि वर ठळक अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजलीन'.

शेवटच्या त्या 'न'पाशी मी थबकलो. बसची वाट बघत उभ्या असलेल्या दोघांची त्यावरूनच चर्चा चालली होती. एकाचं म्हणणं, मराठी चुकलं. दुसऱ्याचं म्हणणं, चुकलं कसलं, ही कोंकणी आहे! 'भावान', 'भयणीन' तसं 'श्रद्धांजलीन'. आपल्याकडे एका 'न'वरून भाषावाद सुरू व्हायला वेळ लागत नाही. मला मात्र त्या 'न'चं मूळ वेगळंच असावं असं वाटलं. कारण असले 'न' माझ्याही फाइलींत पुष्कळ सापडतील.

माझा अंदाज असा. फलक तयार करणाऱ्या मुलाने मजकूर लिहिला. मग तो जरा वर सरकवायचा होता. फोटोवर काम करायच्या काही नावाजलेल्या प्रोग्रॅममध्ये इंग्रजी 'व्ही' दाबलं की वस्तू सरकवायचं हत्यार हाती येतं. त्याने सवयीने 'व्ही' दाबलं. पण प्रोग्रॅम अजून मजकूर लिहून घ्यायच्या तयारीत बसला होता आणि कीबोर्ड होता मराठीत. इनस्क्रिप्ट मांडणीत 'व्ही'च्या बटणावर 'न' आहे. झालं! गृहस्थांच्या श्रद्धांजलीला शेपूट फुटलं, आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत ते फ्लेक्सवर छापूनही आलं.

संगणकवाले याला 'मोड' म्हणतात. आपल्याकडे मोड मुगाला येतात, तसे हेही न बोलावता येतात. तेच बटण, तेच बोट, पण यंत्र त्या क्षणी कुठल्या अवस्थेत आहे त्यावर परिणाम ठरतो. लिहायच्या अवस्थेत असेल तर अक्षर उमटतं, नसेल तर हत्यार बदलतं. अशा चुका झाल्या की आपण लगेच म्हणतो, "त्या पोराला येत नाही." मीही म्हणत असे. आता म्हणत नाही. का म्हणत नाही, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मावशीच्या माजघरात एक जुना फोटो होता. साठच्या दशकातला, गोवा मुक्त झाल्यानंतरच्या वर्षांतला. अंगणात लग्नाची मंडळी उभी आहेत, मागे नळ्यांचं छप्पर आणि त्याच्याही मागे हिरवागार असावा असा एक डोंगर. फोटो काळा-पांढरा, त्यामुळे हिरवेपणा आपणच समजून घ्यायचा. पावसाळ्याच्या दमटपणाने त्यावर बुरशीचे पांढरे ठिपके पडले होते. मावशी म्हणाली, "बाबू, इल्लो नितळ करून दी रे." मी फोटो घरी आणला, स्कॅन केला आणि कामाला बसलो.

पहिला अर्धा तास मजेत गेला. ठिपक्यांवर कुंचला फिरवायला घेतला तर रंग लालच उमटू लागला. काळा निवडला, लाल. करडा निवडला, फिकट लाल. पांढरा निवडला तर होतं ते लालही पुसलं गेलं! मला वाटलं संगणकाला बाधा झाली. चुकून एक बटण दाबलं गेलं होतं आणि मी 'मास्क'च्या अवस्थेत शिरलो होतो. तिथे कुंचला चित्र रंगवत नाही, चित्राचा कुठला भाग झाकायचा ते रंगवतो. पडद्यावर त्याचा खुलासा होता, पण कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरांत. फोटोवर काम करताना माणूस कुंचल्याच्या टोकाकडे बघतो, कोपऱ्याकडे नाही.

त्यात काही नुकसान झालं नाही. नुकसान पुढे झालं.

ठिपके गेले. मग मावशीच्या चौकटीत बसावा म्हणून फोटो कातरला. मंडळींचे चेहरे मोठे दिसायला हवेत ना! वरचा डोंगराचा भाग कातरीबाहेर गेला. मी निर्धास्त होतो, कारण त्या प्रोग्रॅममध्ये कातरलेला भाग नुसता झाकला जातो, हवा तेव्हा परत ओढून काढता येतो, हे मला ठाऊक होतं. पण त्याच कातरीला एक छोटी खूण आहे. ती चालू असेल तर कातरलेलं कायमचं फेकलं जातं. महिनाभरापूर्वी दुसऱ्याच कामासाठी ती मी चालू केली होती, आणि प्रोग्रॅमने ती इमानाने लक्षात ठेवली होती. मी विसरलो, तो विसरला नाही. फाइल जतन केली. डोंगर आत सुखरूप आहे अशा समजुतीने मूळ स्कॅनही पुसून टाकला. एकच वस्तू दोनदा कशाला ठेवा?

नवा फोटो घेऊन गेलो. मावशीने बराच वेळ निरखून पाहिला. "बरो जाला रे. पूण फाटलो दोंगर खंय गेलो?" मी म्हटलं, फाइलीत आहे, पुढच्या खेपेला मोठा काढून आणतो. घरी येऊन उघडतो तर चेहऱ्यांच्या वर काहीच नाही. मूळ प्रत मी परत दिली होती आणि मावशीने ती पुन्हा जुन्याच चौकटीत घातली होती. पुढच्या पावसाळ्यात ती काचेला चिकटली. सोडवायला गेलो तर चित्राचा पापुद्रा काचेबरोबर आला.

डिचोली तालुक्यातल्या वाचकांना या डोंगराचं महत्त्व सांगायला नको. सुर्ला हे खाण पट्ट्यातलं गाव. २०१२ साली खाणी बंद झाल्या, मग पुन्हा सुरू झाल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. पण त्याआधीच्या दशकांत या भागातले कित्येक डोंगर ट्रकांत आणि बार्जेसमध्ये बसून समुद्रापार गेले होते. त्यातलाच हा एक. मावशी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "खणीन एक फावट व्हेलो, आनी आतां तुवें व्हेलो."

ते वाक्य मला अजून टोचतं. मूळ स्कॅन पुसला ही माझी चूक, ती मी नाकारत नाही. पण ती खूण मला न दाखवणाऱ्याची काहीच चूक नाही का?

या अवस्था आल्या कुठून, याचा मी मग शोध घेतला. फोटोशॉप हा प्रोग्रॅम थॉमस आणि जॉन नोल या दोघा अमेरिकन भावांनी लिहिला. पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आली. त्यांचे वडील प्राध्यापक, आणि घराच्या तळघरात त्यांची डार्करूम होती. थॉमस तिथेच फोटो धुवायला शिकला. प्रोग्रॅममधली हत्यारं बघा, त्यात डार्करूम जशीच्या तशी उतरली आहे. 'डॉज' म्हणजे कागदावर प्रकाश पडताना मध्ये काहीतरी धरून तेवढा भाग उजळ राखणं. 'बर्न' म्हणजे हाताच्या ओंजळीतून तेवढ्याच भागावर जास्त प्रकाश सोडणं. आणि मला छळणारा तो लाल रंग छापखान्यातून आला. ऑफसेटच्या कामात चित्राचा भाग झाकायला लाल पारदर्शक फिल्म कापून लावत, तिला रुबिलिथ म्हणत. ज्याने आयुष्यभर ती फिल्म कापली त्याला पडद्यावरचा लाल रंग बघताच कळलं असेल, 'हं, आता मी झाकतोय.' मला कसं कळणार?

आता डार्करूम आठवा. म्हापशाला, डिचोलीला, साखळीला जुन्या स्टुडिओंत ज्यांचं जाणं-येणं होतं त्यांना आठवेल. आत काम चालू असलं की लाल दिवा. तो पेटलेला असताना दार उघडायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही कळायचं. फोटो काढायची खोली वेगळी, धुवायची वेगळी. काचेवरच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने डागडुजी करायचं टेबल खिडकीपाशी. प्रत्येक अवस्थेला तिची जागा, तिचा उजेड, तिचा वास होता. आपण कुठल्या खोलीत आहोत हे कुणाला वाचून कळावं लागत नसे, अंगालाच कळत असे.

संगणकाने काय केलं? या सगळ्या खोल्यांच्या भिंती पाडल्या आणि एका चौकटीत सगळं आणून ठेवलं. सोय झाली, यात शंका नाही. पण नियम मात्र प्रत्येक खोलीचे वेगवेगळेच ठेवले. भिंती गेल्या, उंबरठे गेले, लाल दिवाही गेला, आणि नियम मोडला की दोष आपल्यावर!

अवस्था बदलणं आपल्याला जमत नाही, असं थोडंच आहे? उलट आपण गोंयकार त्यात तरबेज. घरात कोंकणी, लिहिताना मराठी, कचेरीत इंग्रजी. आमच्या लहानपणी चवथीचा नैवेद्य सोवळ्यात व्हायचा. एरवी मांडीवर घेणारी आजी त्या सकाळी "शिवू नको" म्हणायची. आजी तीच, पोरं तीच, नियम वेगळे. पण कधी घोटाळा झाला नाही, कारण आजीच्या अंगावर मुकटा असायचा. तो दिसला की पोरं चार पावलं लांब. सोवळ्याची भलामण मी करत नाही. त्याच नियमाने माणसांना दाराबाहेर ठेवलं, हे विसरण्यासारखं नाही. पण अवस्था कशी दाखवावी हे त्या मुकट्याला कळत होतं. भजनाला बसायच्या आधीही पेटीवाला विचारतोच, "पट्टी कुठली? काळी दोन की पांढरी चार?" सूर ठरल्याशिवाय कुणी आरंभ करत नाही.

हे दुखणं संगणकवाल्यांनाही नवं नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात 'ब्राव्हो' नावाचा लिहायचा प्रोग्रॅम होता. त्याची गोष्ट अशी सांगतात, की चुकीच्या अवस्थेत इंग्रजीत 'एडिट' हा शब्द लिहिला तर 'ई'ने सगळा मजकूर निवडला जाई, 'डी'ने पुसला जाई, 'आय'ने नवा मजकूर लिहायची तयारी होई आणि 'टी' तेवढा उमटे. सगळं लेखन जाऊन पडद्यावर एक 'टी'! सुर्ल्याच्या 'न'चा हा थोरला भाऊ. त्याच केंद्रात काम करणारे लॅरी टेस्लर यांनी तर या अवस्थांविरुद्ध जन्मभर मोहीमच चालवली. त्यांच्या मोटारीच्या नंबरप्लेटवर 'नो मोड्स' लिहिलेलं होतं. २०२० साली ते वारले. आपण रोज वापरतो ते कट, कॉपी, पेस्ट ही त्यांचीच देणगी.

जाणकार म्हणतील, अवस्था नकोत म्हणणं सोपं आहे, पण शेकडो हत्यारं आणि कीबोर्डवर मोजकी बटणं, मग करायचं काय? मान्य. अवस्था लागणारच. पण मॅकिंतोशची सुरुवात करणारे जेफ रास्किन यांनी २००० सालच्या आपल्या पुस्तकात यावर मार्ग सुचवला आहे. बटण दाबून धरलेलं असेल तोवरच अवस्था टिकावी. फोटोच्या पुष्कळ प्रोग्रॅममध्ये स्पेसबार दाबून धरला की चित्र सरकवायचा हात येतो आणि सोडला की जातो. तिथे कधी कुणाचा घोटाळा होत नाही, कारण अवस्था बोटालाच जाणवत असते. शिफ्ट आणि कॅप्स लॉक यांतला फरकही तोच.

सुधारणा झाल्याच नाहीत असं नाही. गूगलचं पिकासा आपल्यापैकी अनेकांनी वापरलं असेल. २०१६ साली ते बंद झालं, पण बदल जतन करताना मूळ फोटो ते एका लपवलेल्या फोल्डरमध्ये राखून ठेवायचं. फुकट मिळणाऱ्या गिंपने २०१२ च्या आवृत्तीत काम जतन करणं आणि जेपेग काढणं या दोन गोष्टी वेगळ्या केल्या, तेव्हा लोकांनी कुरकुर केली. मला विचाराल तर योग्यच केलं. हा एक उंबरठा परत बांधला. याउलट फोनवरच्या काही अ‍ॅपांत 'जतन करा' आणि 'प्रत जतन करा' शेजारी शेजारी बसलेले असतात. एकाने मूळ फोटो जातो, दुसऱ्याने राहतो, आणि अंगठा तर जाडा!

माझं म्हणणं एवढंच. जिथे काहीतरी कायमचं जाणार आहे, तिथे लाल दिवा लावा. कोपऱ्यात नको, बोटापाशी लावा. आणि तो लागेपर्यंत आपण काय करायचं? फोटो स्कॅन केला की आधी त्याच्या दोन प्रती करा. एक दुसऱ्याच डिस्कवर, शक्यतो दुसऱ्याच्या घरी ठेवा. मूळ स्कॅनला हात लावू नका, त्याला सोवळ्यात ठेवा. काम करायचं ते प्रतीवर. कातरायचं असेल तर चेहऱ्यांच्या मागे काय आहे ते एकदा बघून घ्या. आपल्या खाण पट्ट्यातल्या घरांत लग्नाच्या, मुंजीच्या फोटोंत मागे उभे असलेले डोंगर, शेतं, बांध यांचं दुसरं चित्र कुठेही नसेल.

मावशीच्या माजघरात तो कातरलेला फोटो अजून आहे. चेहरे स्वच्छ आहेत, ठिपका एकही नाही. वरच्या कडेला नळ्यांच्या छपराची एक ओळ तेवढी राहिली आहे. कुणी पाहुणा आला की मावशी चौकटीच्या वरच्या भिंतीवर बोट ठेवते आणि सांगते, "हांगा दोंगर आशिल्लो."