एस.टी. हद्दीवर का थांबते?

फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगाव जिल्ह्यात कर्नाटकच्या एका वाहकाला मारहाण झाली. पाठोपाठ चित्रदुर्गला आपल्या एस.टी.च्या चालकाला काळे फासले गेले आणि महाराष्ट्र सरकारने कर्नाटकात जाणाऱ्या गाड्या थांबवल्या. नोव्हेंबर-डिसेंबर २०२२ मध्येही सीमावादापायी गाड्या बंद पडल्या होत्या. अशा वेळी वर्तमानपत्रांत अस्मितेचे मथळे येतात. पिंपरीच्या वल्लभनगर स्थानकावर बोचके घेऊन ताटकळणाऱ्या माणसाचा मथळा कोणी करीत नाही.

त्याच आठवड्यात चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे राबणारी एक भगिनी थकलेल्या मजुरीचे कागद घेऊन माझ्याकडे आली. माहेर आळंद तालुक्यात. (आळंदी नव्हे, कलबुर्गी जिल्ह्यातले आळंद.) घरी कन्नड बोलते, पण चौदा एप्रिलला आमच्याच मिरवणुकीत पुढे असते. आई आजारी होती. "वकीलदादा, आमचं गाव तिकडं गेलं यात माझा काय गुन्हा?" या प्रश्नाला माझ्याकडे कलम नव्हते. ती अक्कलकोटपर्यंत एस.टी.ने गेली, पुढे वागदरीच्या बाजूने वडापने. दोन दिवसांच्या सुट्टीचे चार दिवस झाले. परतली तेव्हा ठेकेदाराने तिच्या जागी दुसरी बाई उभी केली होती.

ही हद्द काही अनादि काळापासूनची नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव, विजापूर मुंबई राज्यात होते. गुलबर्गा, बीदर आणि आपला मराठवाडा हैदराबाद राज्यात होते. एप्रिल १९२५ मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची प्रांतिक परिषद भरली ती निपाणीला. तेव्हा निपाणी परराज्य नव्हते. रेषा ओढली गेली, सोयरिकी तशाच राहिल्या. महाराष्ट्राचा सीमादावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो जेव्हा निकाली निघेल तेव्हा निघेल, तोवर कामगाराने पायी जायचे काय?

आता कायद्याची गंमत पाहा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ८८ नुसार एस.टी.ला दुसऱ्या राज्यात जायचे तर दोन्ही सरकारांचा करार आणि परवान्यावर प्रतिस्वाक्षरी लागते. खासगी ट्रॅव्हल्सना मात्र २०२३ च्या केंद्रीय नियमांनी अखिल भारतीय पर्यटक परवाना देऊन ठेवला आहे. त्यावर देश मोकळा. या गाड्या कंत्राटी प्रवासाच्या. वाटेत सुटे प्रवासी चढवायला-उतरवायला कायद्याने मनाई आहे. महामार्गावर उभे राहून पाहा, मनाई कुठे दिसते ते! भाडे एस.टी.च्या दीडपटीपेक्षा जास्त नको, असा शासन निर्णय २७ एप्रिल २०१८ ला निघाला. दिवाळीत त्याचे काय होते हे वाचकांना सांगायला नको.

म्हणजे सार्वजनिक गाडीच्या पायात बेडी आणि खासगीला मोकळे रान. आधी कोरोना, मग २०२१-२२ चा प्रदीर्घ संप. सुमारे अठरा हजार गाड्यांचे महामंडळ पंधरा हजारांच्या आसपास आले. त्यात अधूनमधून सीमाबंदी. बंदी उठते, पण तोवर प्रवासी ट्रॅव्हल्सकडे वळलेला असतो. मग आगार सांगते, भारमान नाही. फेरी जाते ती अशी, कोणताही आदेश न निघता.

आणखी एक गोष्ट. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले, चांगलेच झाले. पण ते राज्याच्या हद्दीपर्यंत. कर्नाटकाने त्याच वर्षी जूनमध्ये आपल्या महिलांना सरकारी बस मोफत केली. तीही आंतरराज्य गाडीला लागू नाही. दोन्ही सरकारे महिलांचा सन्मान करतात आणि दोघांचाही सन्मान हद्दीवर उतरून जातो. माहेर पलीकडे असलेल्या बाईने कोणाकडे पाहायचे? दोन राज्ये गाड्यांच्या किलोमीटरचा हिशेब करारात बसवू शकतात, तर सवलतीचा का नाही?

देशभर मुक्त संचाराचा हक्क संविधानाच्या कलम १९ ने दिला आहे. तो ट्रॅव्हल्सवाल्यापुरता दिलेला नाही. तणावाच्या काळातही गाडी हद्दीपर्यंत जावी आणि पलीकडे त्यांची गाडी जोडून मिळावी, आणि सवलत पूर्ण तिकिटावर लागू व्हावी, या दोन मागण्यांचे निवेदन आम्ही परिवहन खात्याला देणार आहोत. पिंपरी, भोसरी, चाकण भागातील ज्या बांधवांकडे आंतरराज्य प्रवासाची तिकिटे असतील त्यांनी ती फेकू नयेत. ट्रॅव्हल्सची पावतीही चालेल. तारीख आणि रक्कम वाचता आली पाहिजे.