गिलबर्ट टेकडीला राष्ट्रीय दर्जा द्या

मा. महासंचालक,
भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, कोलकाता



मुंबईत अंधेरी पश्चिमेला, भर वस्तीत एक काळाकभिन्न कातळ उभा आहे. उंची सुमारे 61 मीटर, म्हणजे 200 फूट. नकाशात त्याचं नाव गिलबर्ट हिल, आमच्या तोंडी मात्र गावदेवीची टेकडी. माथ्यावर गावदेवीचं आणि दुर्गामातेचं देऊळ आहे. लहानपणी नवरात्रात आईचं बोट धरून मी इथे यायचे, आता भाचीला घेऊन जाते.

मागच्या खेपेला ती अर्ध्या वाटेवर थांबली. पायऱ्या कातळातच खोदलेल्या आहेत, चढ अंगावर येणारा. ती दम खायला टेकली आणि कडेच्या दगडावरून हात फिरवत म्हणाली, "मावशी, हे खांब कोणी बांधले?" मीही हात लावून पाहिला. उन्हाने दगड चटका बसेल इतका तापला होता. दोन खांबांमधली भेग सुतारानं गुण्या लावून आखावी तशी सरळ, आणि त्या भेगेत पिंपळाचं चार पानांचं रोप. कोणी बांधले नाहीत, मी म्हटलं. सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वी इथे तापलेला लाव्हा होता. तो निवताना आकसला आणि उन्हाळ्यात तळ्याचा गाळ भेगाळतो तसा तडकला. भेगा आत आत उतरत गेल्या, त्यातून हे उभे खांब सुटे झाले. तिला ते पटलं की नाही कोण जाणे, पण उतरताना प्रत्येक खांबाला ती हात लावत होती.

वर पोचल्यावर सगळे करतात तेच आम्हीही केलं. देवीपुढे डोकं टेकलं, कठड्याशी उभं राहून इमारतींचा पसारा पाहिला. येणाऱ्या बहुतेकांची भेट इथेच संपते. पायाखालच्या दगडाची ओळख करून द्यायला कोणी नसतं, याची मला फार खंत वाटते. हे खांब खरे दिसतात ते पायथ्याशी उभं राहून मान वर केली की. आणि नेमकी तिथेच मोकळी जागा उरलेली नाही. आसपासचा दगड पूर्वी खाणकामात गेला, मग इमारती अगदी अंगाशी आल्या.

महापालिकेने 2007 मध्ये या टेकडीला श्रेणी 2 चा वारसा दर्जा दिला, ते चांगलंच झालं. पण हा वारसा मूळचा भूशास्त्राचा आहे, त्यावर शब्द आपल्या संस्थेचा हवा. राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकांच्या आपल्या यादीत महाराष्ट्रातलं लोणार आहे. कर्नाटकात मालपेजवळच्या सेंट मेरी बेटावरचे असेच खांब आहेत. अमेरिकेत वायोमिंगमधल्या डेव्हिल्स टॉवरचा दगड वेगळ्या जातीचा, पण घडण याच तऱ्हेची. त्याला 1906 साली त्या देशाचं पहिलं राष्ट्रीय स्मारक केलं गेलं. मग दख्खनच्या लाव्ह्याचा हा सुळका त्या यादीबाहेर का राहावा?

माझं मागणं मोठं नाही. गिलबर्ट टेकडीला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक घोषित करा. आपले तज्ज्ञ पाठवून या भेगांची पाहणी करा आणि पायथ्यापासून किती अंतरात खोदकाम होता कामा नये, ते लेखी सांगा. त्या आकड्याशिवाय रहिवाशांचं म्हणणं कोणत्याच टेबलावर टिकत नाही. आणि पहिल्या पायरीशी मराठीत एक फलक लावा, भाचीच्या प्रश्नाचं उत्तर देणारा.

आपण स्वतः एकदा यावं, ही विनंती. नागपूरच्या आपल्या कार्यालयातलं कोणी आलं तरी चालेल. शक्यतो संध्याकाळी या, दगड तेव्हा निवलेला असतो. पायऱ्या चढून जायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

आपली,
अंधेरीची एक रहिवासी